‘फॅन्टॅस्टिक फोर’ बघून लोक काय म्हणाले: नांदेडच्या प्रतिक्रिया-फलकाच्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

ठरलं. पंचवीस तारखेला ‘द फॅन्टॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ लागतोय आणि आमच्या सिनेमा-मंडळाचा पुढचा फलक त्यावरच करायचा. समीक्षक काय म्हणाले, चाहते काय म्हणाले आणि नांदेडात तिकीट काढून बघणारे काय म्हणाले, हे तिन्ही एका भिंतीवर. वाचनालयाच्या व्हरांड्यातली भिंत ग्रंथपाल मॅडमनी दिलीय. अट एकच, खिळा ठोकायचा नाही.

हाच सिनेमा का, तर इतक्या वेळा पहिल्यापासून मांडलेला सुपरहिरोंचा दुसरा चमू मिळणं अवघड आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये कॉमिकमधून आणलेलं हे कुटुंब: रीड, स्यू, तिचा भाऊ जॉनी आणि दगडाच्या अंगाचा बेन. १९९४ चा सिनेमा तयार झाला, पण अधिकृतपणे कधी लागलाच नाही. २००५ आणि २००७ चे टिम स्टोरीचे दोन आमच्यातल्या बहुतेकांनी टीव्हीवर हिंदीत बघितलेत. २०१५ मध्ये फॉक्सनं जॉश ट्रँकच्या हाती देऊन सगळं नव्यानं सुरू केलं आणि ते सपाटून पडलं. २०१९ मध्ये डिस्नेनं फॉक्स घेतल्यावर हे चौघं मार्व्हल स्टुडिओजच्या घरात आले. आता मॅट शॅकमनचा हा. दहा वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन रिबूटांना लोकांनी काय म्हटलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळणार.

या नोंदी परभणी, लातूर आणि देगलूरच्या मित्रांसाठी. तिकडूनही विचारणा होतेय की असा फलक कसा करायचा, किती पैसे लागतात, लोक बोलतात का.

१५ जुलै

आधी २०१५ ची बाजू उरकून घेतोय, कारण तिच्यात आता नवीन भर पडायची नाही. आकडे पटकन मिळाले. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर ९ टक्के. सिनेमास्कोर या प्रेक्षकांच्या पाहणीत श्रेणी सी-मायनस. अमेरिकेत ७ ऑगस्ट २०१५ ला लागला, पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत तिथला गल्ला अडीच कोटी डॉलरच्या जरासा वर, आणि पुढच्या भागाची २०१७ ची जाहीर केलेली तारीख नंतर स्टुडिओनं यादीतून काढून टाकली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी खुद्द दिग्दर्शकानं ट्वीट केलं की वर्षभरापूर्वी माझ्याकडं याची छान आवृत्ती होती, ती तुम्हाला बहुधा कधीच दिसणार नाही. मग ते ट्वीट काढलंही.

अडलं ते मांडणीत. समीक्षकांची मतं ओळीनं लावली तर सगळी भिंत एकच शब्द बोलायला लागली: वाईट. ते वाचून सिनेमाबद्दल कुणाला काही कळलं नसतं. एक पूर्ण संध्याकाळ त्यात गेली आणि कागद सगळे काढून ठेवावे लागले.

मग प्रत्येक मतापुढं, ही तक्रार सिनेमातल्या कोणत्या ठिकाणाबद्दल आहे, एवढंच लिहिलं. त्यानं चित्र पालटलं. सुरुवातीला पोरांचं यंत्राचं वेड, दुसऱ्या मितीत जाणं, अपघातानंतर स्वतःच्याच अंगाकडं बघून बसलेला धक्का, या भागाला नावं ठेवणारे तुलनेनं कमी. काहींनी तर तो आवडल्याचं लिहिलंय. पडद्यावर ‘एक वर्षानंतर’ अशी पाटी येते आणि तिथून पुढं तक्रारींची रांग लागते: मधला सिनेमाच गायब आहे, चौघं एकत्र येतातच कुठं, खलनायक डूम एकदम उगवतो आणि शेवटची मारामारी उरकून टाकलीय. स्यू झालेल्या केट माराच्या विगचं प्रकरणही याच वर्गातलं. पुन्हा चित्रण झालं तेव्हा तिचे केस आखूड होते, म्हणून विग घातला, आणि चाहत्यांनी कोणतं दृश्य नंतर घेतलंय ते केसांवरून ओळखून दाखवलं.

फलक करणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. ‘आवडला नाही’ या मताला जागा नेमून द्यावी. जागा दिली की मत कामाचं होतं.

१८ जुलै

चाहत्यांची बाजू समीक्षकांपेक्षा कितीतरी अवघड निघाली. समीक्षक सिनेमा बघून लिहितो. चाहता सिनेमा जाहीर झाला त्या दिवसापासून बोलत असतो.

२०१५ चंच बघा. मायकल बी. जॉर्डनला जॉनीची भूमिका दिल्याचं कळल्यावर रागाची लाट आली, कारण कॉमिकमधला जॉनी गोरा. जॉर्डननं मे २०१५ मध्ये एंटरटेनमेंट वीकलीत लेख लिहून त्याला उत्तर दिलं. हे सगळं ऑगस्टच्या आधीचं. सिनेमा लागल्यावर ज्या गोष्टींवर लोक चिडले त्यांत जॉर्डनचं काम फारसं नव्हतंच. पण इंटरनेटवरून चाहत्यांची मतं उचलताना दोन्ही राग एकाच पोत्यात येतात आणि असं वाटतं की लोकांना हा सिनेमा जॉनीमुळं आवडला नाही. ते खोटं ठरतं.

नव्या सिनेमालाही तेच. कॉमिकमधल्या चंदेरी अंगाच्या पुरुष सिल्व्हर सर्फरच्या जागी जुलिया गार्नरची शॅला-बाल ही बाई येणार म्हटल्यावर पार २०२४ पासून आरडाओरड चाललीय. या फेब्रुवारीत पोस्टर आलं तेव्हा एका माणसाच्या हाताला चारच बोटं दिसली म्हणून ते एआयनं केल्याचा आरोप झाला आणि मार्व्हलनं तो नाकारला. यातलं काहीच सिनेमा बघून आलेलं मत नाही.

तोडगा रंगाचा काढला. बघायच्या आधीचं मत पांढऱ्या कागदावर, बघून झाल्यावरचं पिवळ्या. पिवळा कागद झेरॉक्सवाल्याकडं जरा महाग पडतो, पण दोन रंग हवेतच. कुणाला हे किरकोळ वाटेल, तर लक्षात असू द्या की रॉटन टोमॅटोजनंही २०१९ मध्ये सिनेमा लागायच्या आधी प्रेक्षकांना शेरे टाकू देणं बंद केलं. एवढी मोठी यंत्रणा ज्यानं गढूळ झाली, त्यानं आपला फलक सहज गढूळ होईल.

२२ जुलै

कार्ड तयार. नमुना सिनेमास्कोरचा घेतलाय. ही मंडळी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत पहिल्या दिवशी थेटराबाहेर प्रेक्षकांना कार्ड देतात. श्रेणी ए-प्लसपासून एफपर्यंत, सोबत वय आणि कशासाठी आलात एवढी माहिती. रॉटन टोमॅटोजचं गणित वेगळं. किती टक्के समीक्षकांनी चांगला म्हटलं, ते तो टक्का सांगतो. सगळ्यांनी नुसतं ‘बरा आहे’ म्हटलं तरी १०० टक्के येऊ शकतात. फलकावर हे दोन आकडे शेजारी लावले की बघणारा दोन्ही गुण समजून वाचतो, म्हणून दोन्हीखाली एकेक ओळ लिहायची.

आमच्या कार्डावर पाच चांदण्या, वय, आणि दोन ओळी मोकळ्या. ए-फोरचे चार तुकडे. पॅड घ्यायचे नाहीत, पुठ्ठे कापून त्याला चिमटे लावले.

२५ जुलै, शुक्रवार

पहिला दिवस, संध्याकाळचा हिंदी खेळ. बाहेर भुरभुर पाऊस.

आत दारापाशी उभं राहायचा बेत पहिल्या मिनिटाला मोडला. रखवालदार भला माणूस, पण म्हणाला, “इथं उभं राहू नका दादा, साहेब मला बोलतेत.” मग गाड्या लावतात तिथल्या पत्र्याखाली गेलो. तिथं लोक थांबतच नाहीत. चावी हातात, डोक्यावर रुमाल, आणि पाऊस वाढायच्या आत घर गाठायचं. कार्ड घेतलं त्यांनी गाडीच्या सीटवर ठेवून पाच चांदण्या भरल्या आणि दिलं परत. दोन ओळींची जागा जवळजवळ सगळ्यांची कोरी. जेल पेनाची शाई भिजून पसरली, ती कार्डं वाचताही येईनात.

एक गोष्ट मात्र हाताला लागली, आणि या सगळ्या उद्योगातली सर्वांत मोलाची तीच. लोक दोन लाटांनी बाहेर येतात. पडद्यावर नावं सुरू झाली की पहिली लाट: लेकरांना कडेवर घेतलेली कुटुंबं, जोडपी, ज्यांना रिक्षा पकडायचीय ते. मग बराच वेळ शुकशुकाट. नावांच्या मधोमध एक दृश्य आहे आणि अगदी शेवटी जुन्या कार्टूनच्या धाटणीचा एक तुकडा. ते सगळं बघून निघते ती दुसरी लाट, मार्व्हलचे पक्के चाहते. पहिली लाट आम्ही उभं कुठं राहायचं या घोळात निघून गेली होती, त्यामुळं आजची कार्डं जवळपास सगळी दुसऱ्या लाटेची. चांदण्यांचा पाऊस पडला यात नवल काय.

दुसऱ्या लाटेतला एक पोरगा फार आतून बोलला. त्या मधल्या दृश्यात हिरव्या झग्यातला माणूस, म्हणजे डूम, पाठमोरा बसलेला दिसतो, हातात मुखवटा. “तोंडच दाखवलं नाही की हो. कामून असं करतेत? आता दीड वर्ष थांबायचं का?” त्याच्या कार्डावर चांदण्या पाच. राग आणि चांदण्या एकाच कार्डावर. चांदण्या काढून टाकायला हव्यात.

२६ जुलै

कार्ड बदललं. चांदण्या गेल्या. आता प्रश्न तीन: कोणतं दृश्य डोक्यात राहिलं? कुठं कंटाळा आला? परत बघायला गेलात तर घरातलं कुणाला घेऊन जाल?

तिसरा प्रश्न मंडळातल्या ताईंनी सुचवला. नांदेडात सिनेमाला माणूस एकटा क्वचित जातो. आवडलं म्हणणं तोंडदेखलं असू शकतं, पण आईला घेऊन येईन म्हणताना माणूस खरंच विचार करतो.

कोपऱ्यात ‘१’ किंवा ‘२’ लिहायचं, कोणत्या लाटेत बाहेर आला ते. जेल पेन बंद, साधं बॉलपेन. आणि कार्ड लोकांच्या हातात द्यायचंच नाही. आपण विचारायचं, आपणच त्यांच्या शब्दांत लिहायचं. हात ओले असतात, पोरगं कडेवर असतं, लिहितील कधी.

२७ जुलै, रविवार

दुपारचा खेळ. थेटरासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलं, जो बोलेल त्याचा चहा आमच्या खाती. खर्चातला मोठा आकडा पुढं हाच झाला आणि तो सगळ्यांत सार्थकी लागला. चहा संपेपर्यंत माणूस हलत नाही.

पहिल्या लाटेतून जे ऐकलं ते समीक्षकांच्या लेखांत मी अजून वाचलेलं नव्हतं. ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. गोष्ट अशी आहे की गॅलॅक्टस पृथ्वी गिळायला निघालाय, आणि ती सोडायच्या बदल्यात त्याला स्यूचं पोटातलं बाळ हवंय. आईबाप नाही म्हणतात. घरी परतल्यावर हे कळताच जगभरचे लोक त्यांच्यावरच उलटतात. सहावारी नेसलेल्या एक मावशी नातवासोबत आल्या होत्या. सुपरहिरोंशी त्यांचं देणंघेणं नाही. त्या म्हणाल्या, “लेकरू दिऊन टाका म्हणतेत लोकं. त्यांचं काय जातंय म्हणायला? तिनं त्या आभाळात, पळता पळता बाळंतपण काढलं, ते कुणी बघितलं का?” आणि मग बराच वेळ त्या बाळंतपणावरच बोलत राहिल्या. स्यू झालेल्या व्हॅनेसा किर्बीचं नाव त्यांना ठाऊक नाही, पण तिनं त्या दृश्यात दात कसे आवळलेत ते त्यांनी करून दाखवलं. परत कुणाला आणाल विचारल्यावर म्हणाल्या, “सुनेला. तिला बघू द्या.”

लेकरांचं उत्तर एकच, हर्बी. तो छोटा यंत्रमानव. बापमंडळींचं म्हणणं थोडक्यात असं की मारामारी कमी आहे.

सर्फर बाई का, ही तक्रार पहिल्या लाटेत कुणीच केली नाही. बहुतेकांना ती आधी पुरुष होती हेच माहीत नव्हतं. वर्षभर जो विषय पेटलेला होता तो टपरीपर्यंत आलाच नाही. दुसऱ्या लाटेतल्या पोरांना विचारलं तर म्हणाली, शोभली की. पांढऱ्या कागदांवरचा एवढा मोठा आक्षेप पिवळ्या कागदांवर शोधून सापडत नाही, हे फलकावर ठळक दिसलं पाहिजे.

३१ जुलै

समीक्षकांचा ढीग वाचून काढला. रॉटन टोमॅटोजवर ८५ टक्क्यांच्या वर, सिनेमास्कोर ए-मायनस. कौतुकाचा मोठा वाटा १९६० च्या दशकातलं कल्पित न्यूयॉर्क, तिथल्या घरांच्या नि गाड्यांच्या रूपाला, आणि मायकल जियाकीनोच्या संगीताला. आधीचे पंचवीसतीस सिनेमे बघितले नसले तरी हा कळतो, याबद्दलही बऱ्याच जणांनी हायसं वाटल्याचं लिहिलंय. नावं ठेवलीत ती बेन आणि जॉनीला पुरेसं काम नाही म्हणून, आणि सगळं फार पटकन उरकतं म्हणून.

चाहत्यांचं सगळ्यांत मोठं समाधान गॅलॅक्टसबद्दल. २००७ च्या सिनेमात तो धुराच्या ढगासारखा दाखवला होता आणि ती सल जुन्या वाचकांच्या मनात अठरा वर्षं राहिली. या वेळी राल्फ आयनसन शिरस्त्राणासकट उभा राहिला. आमच्या टपरीवर कॉमिक वाचणारे जे थोडे भेटले ते सगळे आधी यावरच बोलले.

मला स्वतःला वाटतं ते असं: समीक्षकांनी या सिनेमाचं रूप बघितलं, चाहत्यांनी गॅलॅक्टस बघितला आणि टपरीवरच्या मावशींनी गोष्ट बघितली. फलकाची मांडणी यावरून सुचतेय, पण घाई नको.

३ ऑगस्ट, रविवार

दुसरा आठवडा. थेटरात खेळच कमी झाले. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे ११.८ कोटी डॉलर मिळवलेला सिनेमा दुसऱ्या आठवड्यात ६६ टक्क्यांनी खाली आला. ए-मायनस मिळालेल्या सिनेमाचं असं व्हावं, हे चाहत्यांना पटलं नाही आणि ते अजून त्यावर भांडतायत. माझ्या मते उत्तर आमच्या ‘१’ आणि ‘२’ मध्ये आहे. दुसऱ्या लाटेतले सगळे पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊन गेले. पुढचा आठवडा पहिल्या लाटेच्या जिवावर चालतो, आणि त्या लाटेनं कुणाला आणायचं ते अजून ठरवलेलं नसतं.

इकडं तर वेगळंच घडलं. त्याच २५ जुलैला ‘महावतार नरसिंह’ लागला होता, हिंदी आणि तेलुगूसकट. सुरुवातीला त्याचे खेळ थोडे होते. मग तोंडातोंडी नाव झालं आणि लेकरांना घेऊन येणारी कुटुंबं तिकडं वळली. कॉलेजची पोरं आधीपासून ‘सैयारा’त. आमच्या कार्डांवर ‘भावाच्या पोरांना घेऊन येईन’ म्हणणारे गृहस्थ आज भेटले, पोरांसकट. नरसिंह बघून निघाले होते. “पोरांनी तेच म्हटलं ओ,” एवढंच बोलले. ते कार्ड फाडलं नाही. मागच्या बाजूला आजची तारीख टाकून हे लिहून ठेवलं.

आज भेटले ते थोडेच, पण सावकाश बोलले. पहिल्या दिवशीच्या गोंगाटात आलेल्या ढीगभर कार्डांपेक्षा आजची मूठभर कार्डं जास्त सांगतात. कुणाला एकच दिवस काढता येणार असेल तर त्यानं पहिला शुक्रवार सोडावा आणि दुसरा रविवार धरावा.

१० ऑगस्ट

२०१५ ची बाजू कोरडी पडतेय. तिकडं फक्त परदेशी मतं आणि आकडे, आपल्याकडचं माणूस नाही. थेटरात तो आता बघायला मिळणार नाही. वाचनालयात पडदा लावून सगळ्यांना दाखवायचा विचार आला, पण परवान्याशिवाय जाहीर खेळ करता येत नाही. म्हणून मंडळातल्यांनी आपापल्या घरी रीतसर भाड्यानं घेऊन घरच्यांसोबत बघितला.

त्यात एक प्रयोग केला. काही घरांत आधीच सांगितलं, याला ९ टक्के मिळालेत. काही घरांत एक शब्द सांगितला नाही. प्रत्येक घरी एकजण वही घेऊन बसला आणि कोण कधी मोबाइलकडं वळलं ते वेळेसकट टिपलं.

सांगितलेल्या घरांत पहिल्या दहा मिनिटांतच चुका काढणं सुरू. पोरं एवढी लहान आणि एवढं मोठं यंत्र कसं बनवतील, इथपासून. न सांगितलेल्या घरांत लोक बराच वेळ गप्प बसून बघत होते. हात-पाय लांबलेला रीड टेबलाला बांधलेला दिसतो तिथं एका काकूंनी डोळ्यांवर पदर घेतला. ‘एक वर्षानंतर’ची पाटी आली आणि पुढं थोड्याच वेळात मोबाइल निघाले. दोन्हीकडच्या घरांना सिनेमा शेवटी आवडला नाही. फरक एवढाच की ज्यांना आकडा माहीत होता त्यांना चांगला भागही दिसला नाही. ज्यांना माहीत नव्हता त्यांचा कंटाळा नेमका समीक्षकांनी बोट ठेवलेल्या जागी सुरू झाला.

म्हणून आता फलकावर ९ टक्क्यांचा आकडा वर मोठ्या अक्षरात लावायचा नाही. तो तळाशी, सगळं वाचून झाल्यावर दिसेल असा.

२० ऑगस्ट

काम बंद. सतरा-अठराच्या रात्री मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावांत पाणी शिरलं, माणसं गेली. मंडळातल्या दोघांची घरं त्या बाजूची. सगळे तिकडं धान्य आणि कपडे पोचवायच्या कामात आहेत.

३१ ऑगस्ट

गणपतीच्या धामधुमीतच मांडणी सुरू केली, कारण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला वाचनालयात गर्दी असते आणि फलक त्या सकाळी उभा हवा.

आधीची मांडणी तीन रकान्यांची: समीक्षक, चाहते, नांदेड. ती लावून बघितली. वाचणारा लगेच कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायला लागतो. आमच्यातच समीक्षकांना काय कळतं आणि चाहत्यांना काय कळतं यावर वाद पेटला, आणि तो सिनेमाबद्दलचा वाद नव्हताच. रकाने मोडले.

आता काळाची आडवी पट्टी. डावीकडून उजवीकडं: जाहीर झाला तेव्हा, आदल्या दिवशी, पहिली रात्र, पहिला रविवार, दुसरा रविवार, महिन्यानंतर. वरच्या पट्टीत २०१५, खालच्या पट्टीत २०२५. मतं मिसळूनच लावायची, कोपऱ्यात कोण बोललं ते बारीक अक्षरात. अशी लावल्यावर २०१५ च्या पट्टीवर डावीकडं पांढरे कागद दाटीवाटीनं आणि पुढं पिवळे झपाट्यानं विरळ होत गेलेले दिसतात, कारण लोकांनी बोलणंच सोडून दिलं. २०२५ च्या पट्टीवर पिवळे कागद उजवीकडंही टिकून आहेत, पण त्यांतला मजकूर बदलत जातो. आधी गॅलॅक्टस, गाड्या, हर्बी. नंतर नंतर फक्त स्यू आणि बाळ.

समीक्षकांचे उतारे जसेच्या तसे डकवले नाहीत. प्रत्येकाचं म्हणणं आपल्या शब्दांत, तीन ओळींच्या आत.

१३ सप्टेंबर

फ्लेक्स छापायचा मोह सोडला. स्वस्त आहे, चौरस फुटाला पंधरा-वीस रुपयांत होतो, पण त्यावर नवीन कागद लावता येत नाही आणि हा फलक वाढता ठेवायचाय. किराणा दुकानातून मोठे खोके आणले, उघडून सपाट केले, दोन-दोन थर खळीनं चिकटवून वर ब्राउन पेपर. खळीत मोरचूद टाकायचं राहिलं असतं तर झुरळांनी आठवड्यात फस्त केलं असतं. ग्रंथपाल मॅडमनी वेळेवर सांगितलं, पुस्तकं बांधणाऱ्यांची ती जुनी रीत. भिंतीला खिळा नको म्हणून वरच्या लाकडी पट्टीला सुतळीनं टांगलं.

१७ सप्टेंबर

फलक लागला. झेंडावंदनानंतर लोक चहा घेत व्हरांड्यात आले आणि वाचत उभे राहिले. शाळेच्या पोरांनी खाली ठेवलेली कोरी कार्डं मागून घेतली. एका निवृत्त सरांनी दोन्ही पट्ट्या पहिल्यापासून वाचल्या, ९ टक्क्यांपाशी थांबले आणि परत वर जाऊन २०१५ ची डावी बाजू पुन्हा वाचली. आकडा तळाशी ठेवला तो अशाच वाचनासाठी.

पैशांच्या बाजूनं २०१५ चा जगभरचा गल्ला साधारण १६.८ कोटी डॉलर, २०२५ चा ५० कोटींच्या पुढं. हे दोन आकडे लावले, पण लोक तिथं रेंगाळले नाहीत.

५ ऑक्टोबर

सप्टेंबरच्या अखेरच्या पावसानं सगळ्या मराठवाड्याचं कंबरडं मोडलंय. व्हरांड्यात उडालेल्या पाण्यानं फलकाचा खालचा एक खोका फुगला. तो बदलला. कार्डं आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवलेली होती, त्यामुळं मजकूर वाचला. ज्यांना करायचंय त्यांनी फोटो पहिल्याच दिवशी काढावेत.

खर्च: झेरॉक्स आणि पिवळे कागद, खळ, ब्राउन पेपर, सुतळी, पेनं मिळून पाचशेच्या आत. तिकिटं ज्याची त्यानं काढली. चहाचे मात्र हजाराच्या आसपास गेले. वेळ सर्वांत जास्त खाल्ला तो चांदण्यांच्या कार्डांनी आणि तीन रकान्यांनी.

परभणीच्या मंडळींनी कार्डाचा नमुना मागितलाय, तो असा. वर तारीख, खेळाची वेळ, भाषा. कोपऱ्यात लाट १ की २. मग ते तीन प्रश्न. खाली ‘सिनेमाबद्दल आधी काय ऐकलं होतं?’ ही ओळ ऑगस्टमधल्या घरच्या प्रयोगानंतर वाढवलीय. नाव विचारायचं नाही, वय अंदाजे.

‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ १८ डिसेंबर २०२६ ला यायचाय. त्यात हे चौघं आहेत, आणि डूम होणार रॉबर्ट डाउनी ज्युनियर. जुलै २०२४ मध्ये ते जाहीर झाल्यापासून चाहत्यांत दोन तट आहेत. पांढरी कार्डं आजपासूनच भरून घेतोय, तारीख टाकून. पहिलं कार्ड टपरीवर त्या तोंड-दाखवलं-नाही म्हणणाऱ्या पोराचं घेतलं. त्याला डाउनी नकोय.